जुडग्याने दिवे लावले!

नाव घेणार नाही. दुसरा मजला, डावीकडचं दार, एवढंच सांगते. पुढचं तुमचं तुम्ही ओळखा. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, रोज सकाळी गीतेचा एक अध्याय वाचणारे, उभ्या जन्मात हप्त्यावर मिक्सरसुद्धा न घेतलेले सद्गृहस्थ. त्यांनी परवा तेवीसशे रुपये मोजून बॅटरी घेतली. गाडीची नव्हे हो, इन्व्हर्टरची नव्हे. उजेडाची! आणि केवढी? माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवायला. आता त्या जुडग्यात किल्ल्या किती, तर दोन. त्यातली एक गच्चीची, आणि गच्चीचं कुलूप सोसायटीने मागच्या वर्षीच बदललंय. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे तर कोंबडीचाही पत्ता नाही.

काकू लिफ्टमध्ये भेटल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पस्तीस वर्षं संसार केला गं, पण हे वळण नव्हतं त्यांना."

वळण कसलं, साथ आहे साथ! बागेत फिरायला येणारा पुरुषांचा कट्टा आहे ना, तिथे मागच्या आठवड्यात कानावर आलेला संवाद सांगते. एक म्हणाले, "तुमची किती?" दुसरे छाती काढून म्हणाले, "चारशे!" मला घामच फुटला. म्हटलं, "अहो, चारशे? आणि तुम्ही जिलबी खाताय? जेवणाआधीची की नंतरची?" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजारी आहे. "ल्युमेन, वहिनी, ल्युमेन." म्हणजे उजेडाचं माप. शुगर, बीपी, गुडघे, सून असे चारच विषय वर्षानुवर्षं नांदत होते त्या कट्ट्यावर. त्यांना हुसकावून ही करंगळी तिथे जाऊन बसली.

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपलं दार लावून घ्यावं म्हणतात. पण आमचं दार लावायला उशीर झालाय. आमच्याकडे पाच आहेत. सहावी यायची आहे हे मला ह्यांनी सांगितलं नाही, कुरिअरवाल्याने सांगितलं. एक कारच्या किल्लीला, एक स्कूटरच्या, एक घराच्या, एक पिशवीच्या चेनला आणि एक "राखीव". कशासाठी राखीव, विचारलं तर म्हणतात, अंधार झाला तर. अहो, पुण्यात कोथरूडला राहतो आपण. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे बेडरूमला दोन पडदे लावावे लागतात!

भाषासुद्धा बिघडली हो माणसांची. आपण लहानपणापासून हिला बॅटरी म्हणत आलो, आणि आत घालायचे ते सेल. आमच्या आजोबांच्या उशाशी 'जीवनसाथी' नावाची एव्हरेडीची पितळी बॅटरी असायची. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि चार दिवस आणखी ढकलायचे. पुढे पुढे तर तिचा उजेड पाहायला दुसरी बॅटरी लागायची, पण आजोबांनी कधी तक्रार केली नाही. आता ह्यांच्यासमोर बॅटरी म्हटलं की कानांवर हात. "फ्लॅशलाइट म्हण." घराणी किराणा, ग्वाल्हेर, आग्रा अशी ऐकली होती, आता नायटेकोर, फेनिक्स, ओलाइट, रोव्हीवॉन. सगळी चीनची, आणि प्रत्येकाचे शागीर्द दुसऱ्या घराण्याचा उजेड बेसूर आहे असं सांगणारे.

बरं, इतके पैसे घालायचे तर पारखून तरी घ्यावी ना? पण खोक्यावरचा मोठ्ठा आकडा दिसला की हे विरघळलेच. खोकं म्हणजे स्थळाचा बायोडेटा. त्यात खोटं असतंच असं नाही, पण काय लिहिलंय ते नीट वाचावं लागतं. अमेरिकेत २००९ मध्ये एफएल-१ नावाचं मानक ठरलं. नाव जपणाऱ्या कंपन्या त्याप्रमाणे मोजतात. उजेड मोजायचा तो पेटवल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने. आणि "किती वेळ चालते" म्हणजे तो उजेड एक-दशांशावर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे "४०० ल्युमेन, ४५ मिनिटं" असं लिहिलं असेल, तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला उरणार चाळीस. त्यात ही पडली करंगळी. एवढ्याशा अंगात चारशेची आग किती वेळ सोसणार? मिनिटा-दोन मिनिटांत तापते आणि स्वतःच मान खाली घालते. मुलाला लाख रुपये पगार आहे म्हणायचं, आणि तो फक्त पहिल्या महिन्याचा निघायचा, तसलं हे प्रकरण.

"झोत ६० मीटर" हीसुद्धा अशीच गंमत. साठ मीटरवर उजेड उरतो पाव लक्स, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात बसून हवं तर गाणं म्हणा, पण समोरचा माणूस ओळखीचा की अनोळखी ते विचारू नका. आणि शंभराची विकून सव्वाशेची घेणाऱ्यांना तर काय म्हणावं! डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला तो चौपटीच्या आसपास वाढावा लागतो. शंभर आणि सव्वाशे यांतला फरक डोळ्याला फारसा कळत नाही. खिशाला कळतो.

पण खरं स्कँडल पुढेच आहे. बसा खाली. हा जो पांढराशुभ्र एलईडी आहे ना, तो पांढरा नाहीच! आत असतो निळा. वरून पिवळ्या पावडरीचा थर दिलेला असतो. निळ्यातला काही उजेड ती पावडर पिवळसर करते, दोन्ही मिसळतात आणि आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं. निळ्या नवरीला हळद लावून उभी केली म्हणा ना. लाल एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच केला होता, पण निळा काही केल्या साधत नव्हता. तो नव्वदच्या दशकात साधला, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकीचं नोबेल मिळालं. म्हणजे आमच्या स्कूटरच्या किल्लीला नोबेल लटकतंय. तिच्याने ह्यांनी काय शोधलं? सोफ्याखाली पडलेलं बिस्किट.

हळद कमी-जास्त झाली की उजेडाचा रंग बदलतो, आणि त्यावरून मात्र खरोखरच भांडावं, असं आता मलाही वाटायला लागलंय. आपण साडी घेताना काय करतो? दुकानदाराच्या ट्यूबवर विश्वास न ठेवता पदर दारापर्यंत नेतो, उन्हात बघतो. त्यालाच हे लोक सीआरआय म्हणतात. उन्हाला शंभर गुण. नव्वदच्या वरची बॅटरी म्हणजे दारातला उजेड, सत्तरची म्हणजे दुकानातली ट्यूब. रात्री गॅलरीत ह्यांच्या दोन बॅटऱ्या जास्वंदीवर धरून पाहिल्या. एकीत फूल लालभडक, दुसरीत शिळ्या बिटासारखं. शिवाय केल्विन. खोक्यावर ६५०० म्हणजे दवाखान्यातला निळसर उजेड, ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बकडे झुकणारा. एवढं कळलं आणि मी स्वतःचीच लाज वाटून घरात आले. लागण होते ती अशीच हो.

आता पोटात काय घालायचं, हा घराघरांतला वाद. सगळ्यांत चिमुकल्या असतात त्या नाण्यासारख्या सेलच्या, दाबलं की पेटणाऱ्या. सेलवर २०३२ लिहिलेलं असतं. ते साल नाही, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड असं माप आहे. घरात लहान मूल असेल तर हसणं बाजूला ठेवून ऐका. असला सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा गंभीर जखम करतो. झाकणाला स्क्रू नसेल तर ती बॅटरी घरात आणूच नका.

दुसऱ्या असतात रिमोटच्या बारक्या सेलवर चालणाऱ्या. तो सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतो ही त्यांची पुण्याई. पण साधा अल्कलाइन सेल आत विसरलात तर तो गळतो आणि पांढरी बुरशी धरल्यासारखं होऊन सगळं चिकटून बसतं. चार्ज होणारे निकेलचे सेल घातले तर तो धोका बराच कमी. त्याच मापाचा लिथियमचाही सेल मिळतो, १०४४० नावाचा. तो ३.७ व्होल्टचा, साधा दीड. माप तेच म्हणून कोणत्याही बॅटरीत सारू नका. तळमजल्यावरच्या सीएने सारला. अख्खं आयुष्य लोकांचे आकडे तपासण्यात गेलं त्यांचं, पण हा एक राहिला.

तिसऱ्या यूएसबी-सीच्या, मोबाइलच्याच चार्जरवर भरणाऱ्या. सोय मोठी, पण पुष्कळांत सेल आतच कोंडलेला असतो. तो दमला की बॅटरीचंही तेरावं.

बटणाचं तर विचारूच नका. एकदा दाबलं की बारीक, दोनदा दाबलं की मोठी, धरून ठेवलं की आणखी काही, आणि बरेचदा दाबलं की पोलिसांच्या गाडीसारखी लुकलुकते. मागच्या महिन्यात एका शोकसभेला गेलो होतो. दोन मिनिटं स्तब्धता. सगळे खाली माना घालून उभे, आणि ह्यांच्या पँटच्या खिशातून उजेड यायला लागला. नुसता उजेड नाही, लुकलुकणारा. स्तब्धता असल्याने कोणी काही बोलू शकेना, आणि खिशात हात घातला तर ते आणखी वाईट दिसणार. दोन मिनिटं एवढी लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून सांगते, बटण खोल बसलेलं किंवा कुलूप लागणारं घ्या, नाहीतर डोकं पिळून पेटणारी घ्या. डोकं पिळणारे आपल्याकडे कमी आहेत का!

"मोबाइलमध्ये असतो की दिवा," असं मी म्हटलं होतं. म्हणायला नको होतं. पाऊण तास ऐकून घ्यावं लागलं. नोकिया ११०० आठवतो? २००३ चा. जगात पंचवीस कोटींच्या वर खपला, आणि आपल्याकडे बोलण्याइतकाच त्याच्या दिव्यासाठी घेतला गेला. म्हणजे फोनमधला दिवा ही काही नवी गोष्ट नाही. पण ह्यांचं म्हणणं, ओल्या हातात वीस हजारांचा फोन धरून मीटरच्या पेटीत वाकणार का? पडला तर? आणि दोन्ही हात कामात असतील तर फोन कुठे धरणार? मी म्हटलं, तुमचे दोन्ही हात कधी कामात असतात? तेवढ्यावर चर्चा संपली.

आणि इथेच आमचे भावजी आले. म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, जुन्नरकडे असतात, कांदा करतात. शेतीला वीज येते ती बरेचदा रात्री, मग मध्यरात्री उठून मोटर चालू करायची. वाटेत घोणस असू शकते, उसात बिबट्या असू शकतो. त्यांच्याकडे खांद्याला अडकवायची भलीथोरली चार्जिंगची बॅटरी आहे. ह्यांनी मोठ्या अभिमानाने आपल्या सगळ्या टेबलावर मांडल्या. भावजींनी एक उचलली, फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "वहिनी, ही पोरांची का?"

ह्यांचा चेहरा असा उतरला म्हणता!

पण जाताना भावजी थबकले. ती करंगळी पुन्हा हातात घेतली आणि सरळ दातात धरली. दोन्ही हात मोकळे करून हवेतच काहीतरी पिळल्यासारखं केलं. मग काढून म्हणाले, "स्टार्टरच्या पेटीत बघायला बरी आहे. ती मोठी तोंडात मावत नाही." आणि मोटरच्या खोलीच्या किल्लीला अडकवून घेऊन गेले. ना ल्युमेन विचारले, ना केल्विन, ना घराणं. दातात बसते की नाही, एवढी एकच कसोटी.

चार महिने झाले. परवा फोन आला होता. म्हणाले, "दादा, लई गुणाची निघाली. दोनदाच चार्ज केली. उजेड बारीक आहे, पण तो पेटीत डोळ्यावर येत नाही, आणि रात्री उठलं तर घरातलं कोणी जागं होत नाही."

बारीक! ते बिचारे बटण एकदाच दाबतात. त्या खोक्यावर सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेला जो पाच ल्युमेनचा आकडा आहे, तेवढ्यावर त्यांचं चाललंय. वर ठळक छापलेल्या ज्या चारशेसाठी ह्यांनी पैसे मोजले, ते चार महिन्यांत एकदाही पेटलेले नाहीत.

"अरे, दोनदा दाबलंस ना, तर..." हे सुरू झालेच होते. मी असे डोळे वटारले की म्हणता. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं आणि पावसापाण्याचं विचारलं.