ऐकलंच नसेल तुम्ही!

हा गृहस्थ लीड्समध्ये भेटतो, ब्रिस्टलमध्ये भेटतो, ग्लासगोत तर दर गल्लीला एक. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. केस केव्हाच गेले, पण डोळ्यांवरची बट मागे सारायला मान झटकायची १९८६ सालची सवय गेलेली नाही. पोटमाळ्यावर सात इंची सिंगल्सचे खोके. बायको "एक तर हे खोके, नाही तर..." एवढंच म्हणून थांबते. उत्तर काय येईल याची तिला खात्री नाही.

आवराआवरीच्या निमित्ताने तो वर चढतो आणि तिथे ती सापडते. विसरलेली सिंगल! दोन गिटारी, ड्रम बडवणारा एक मित्र आणि गाणाऱ्या मुलाला बहुधा सर्दी. अडीच मिनिटांत खेळ खलास. बँडने एवढी एकच तबकडी काढली, मग मंडळी नोकऱ्यांना लागली. नाव मी देत नाही. दिलं तर चार लोक ऐकतील आणि ह्याची झोप उडेल.

कारण ह्याच्या प्रेमाचं गणित उलटं. गाणं जितक्या जास्त लोकांना ठाऊक, तितकं ते वाईट. १९८६ मध्ये 'एनएमई' ह्या संगीत-साप्ताहिकाने २२ बँडांची 'सी८६' ही कॅसेट काढली, तेव्हाच ह्याच्या मते सगळं बाजारू झालं. त्यातलं पहिलं गाणं, प्रायमल स्क्रीमचं 'व्हेलॉसिटी गर्ल', पुरतं दीड मिनिटही नाही. ते ह्याला सिंगलच्या मागच्या बाजूला होतं तोवरच आवडायचं. पुढे तो बँड नावारूपाला आला. हे तो घरातला मुलगा वाया गेल्याच्या सुरात सांगतो.

सांगण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ असतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते ऐकण्यासारखंही असतं. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' स्वतःच काढली, पहिल्या खेपेला १,००० प्रती. मोठ्या कंपन्यांची पायरी न चढता रेकॉर्ड निघते, हे त्यानंतर गावोगावच्या पोरांना कळलं. ब्रिस्टलला दोघांनी मिळून १९८७ पासून 'सारा रेकॉर्ड्‌स' ही कंपनी चालवली आणि १९९५ मध्ये शंभराव्या क्रमांकाची रेकॉर्ड निघाली तसं बोटीवर पार्टी देऊन दुकान बंद केलं. ह्या ठिकाणी तो डोळे पुसतो.

सिंगल हाती आली की लगेच ऐकायची नसते. आधी कडांनी धरून, खिडकीशी तिरपी करून ओरखडे मोजायचे. मग भिंग आणून लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात काय कोरलंय ते वाचायचं. तिथे 'अ पोर्की प्राइम कट' निघालं, म्हणजे तबकडीचा मूळ मास्टर नामांकित कारागीर जॉर्ज पेकहॅमने कापलेला, तर दिवस सार्थकी लागला. मग पाकिटातली चिठ्ठी. तीवर गायकाच्या आईच्या घरचा पत्ता आणि उत्तरासाठी तिकीट जोडण्याची विनंती. ह्याने जोडलं होतं. उत्तर आलं नाही. राग नाही, उत्तर आलं असतं तर बँड धंदेवाईक ठरला असता.

पुढची पायरी डिस्कॉग्ज ह्या रेकॉर्ड-विक्रीच्या साइटवर किंमत बघणं. जास्त निघाली तर गाणं बऱ्याच जणांना माहीत, कमी निघाली तर जगाला अक्कल नाही. दुसरं दुःख त्याला जास्त मानवतं. असंच एक दुःख जॉन पीलचं. २००४ मध्ये तो गेला. रेडिओ वनवर रात्री दहानंतर असल्याच रेकॉर्डी लावणारा, ह्यांचा कुलगुरू. त्याच्या खास लाकडी पेटीत १४० च्या आसपास सिंगल्स निघाल्या. ही नव्हती. म्हणजे पीलही विसरला, आठवण फक्त आपल्यालाच! वाईट वाटल्याचा चेहरा करायला त्याला कष्ट पडतात.

अखेर तबकडी फिरते. गायकाची सर्दी छातीत उतरल्यासारखी वाटते. खालून मुलगी ओरडते, "डॅड, ती पंचेचाळीसची आहे, तू तेहतीसवर लावलीयस!"

चुकीच्या वेगाने रेकॉर्ड लावण्याबद्दल पील प्रसिद्धच होता. ह्याने हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्याकडेच, आणि ह्याच वेगात.

"पंचेचाळीसवर काय," तो आवाज वाढवत म्हणतो, "कुणीही ऐकेल!"