आमच्या पोरांचा उन्हाळा नासवू नका

प्रति,
उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्त्या देणाऱ्या सर्व संस्था,
मुक्काम बंगळुरू, दिल्ली, प्रयागराज, मानखुर्द आणि आणखी जिथे कुठे असाल तिथे.

विषय : आपल्या योजना वाळवा तालुक्यापुरत्या गुप्त ठेवण्याबाबत.

महोदय,

मी इस्लामपूरचा एक ऊसउत्पादक आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, पालक. (गावाचं नाव सरकारने आता ईश्वरपूर केलं आहे. पत्त्यावर काहीही लिहा, पोस्टमन ओळखीचा आहे. रिपीटर बॅचचं नाव मात्र रिपीटर बॅचच राहिलं आहे.)

तक्रार अशी. आमच्या थोरलीचं नाव बी.एस्सी.ला घातलेलं आहे. शिकण्यासाठी नव्हे, कागदावर गॅप दिसू नये म्हणून. तिथल्या एका मॅडमनी तिला आपल्याबद्दल सांगितलं. तीन विज्ञान अकादम्या मिळून म्हणे मुलांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला बोलावतात, वर विद्यावेतन आणि येण्याजाण्याचं भाडं देतात. मानखुर्दचं होमी भाभा केंद्र बी.एस्सी.च्या पोरांना शिबिराला नेतं. इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या ८० हजारांतले २० हजार तर उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. हे ऐकल्यापासून पोरगी रात्री जेवताना गप्प असते.

शिकायचे पैसे द्यायचे असतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. उसाचं बिल जमा झालं की त्याच आठवड्यात क्लासचा हप्ता जातो. शिकण्याबद्दल उलट कोणी आपल्याला पैसे देतो म्हणाला, तर आमच्याकडे आधी त्याचा आधार नंबर विचारतात. तेव्हा आपण नक्की काय विकता, ते एकदा स्पष्ट करावं.

आमची पद्धत आपल्याला कळावी म्हणून सांगतो. उसाची पहिली लागण. ती तुटली की त्याच बुडख्यातून येतो तो खोडवा, आणि त्याच्याही पुढचा निडवा. बारावीबरोबर दिलेली नीट ही लागण, मग खोडवा, मग निडवा. २०२२ मध्ये वरची वयोमर्यादाही काढून टाकली आहे, त्यामुळे रान मोडायची घाई नाही. पेपर मे महिन्यात. म्हणजे मार्च-एप्रिल क्रॅश कोर्स, मे पेपर, जून निकाल, आणि निकाल लागला की पुढच्या बॅचचा प्रवेश. या वेळापत्रकात उन्हाळा कुठेच नाही. आपण मात्र मे-जून मागता, आणि अर्ज मागवता नोव्हेंबरच्या सुमाराला, जेव्हा घरात एकीकडे ऊसतोड आणि दुसरीकडे टेस्ट सिरीज चालू असते.

१८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. वीस लाखांवर पोरं आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. अशा ठिकाणी कुतूहल परवडत नाही, कारण चुकलेल्या उत्तराला एक गुण कापला जातो. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ‘असं का?’ हा प्रश्न पेपरनंतर विचारायचा.

कासेगावच्या पाहुण्यांचा नातू न्यू जर्सीत डॉक्टरकीच्या वाटेवर आहे. तिथे आधी चार वर्षं कॉलेज, मग मेडिकल. प्रवेशाच्या वेळी तुम्ही दवाखान्यात किती तास सेवा केली, कुठल्या डॉक्टरामागे उभं राहून पाहिलं, उन्हाळ्यात कुठल्या प्रयोगशाळेत होता, हे सगळं म्हणे विचारतात. उन्हाळा रिकामा गेला तर तो घाबरतो. आमची थोरली उन्हाळा भरला तर घाबरते. मिरज आमच्यापासून तासा-दीड तासावर. १८९४ मध्ये वानलेस साहेबांनी तिथे मिशनचा दवाखाना उघडला आणि तीन वर्षांत पोरं जमवून वैद्यकी शिकवायलाही लागले. १९६२ पासून तिथे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इकडे कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. इतकी इस्पितळं हाताशी असून आमच्या भावी डॉक्टरांनी ती आतून कधी पाहिली? आजी पडली तेव्हा.

आता मुख्य अपराध सांगतो. मॅडमनी थोरलीच्या डोक्यात सापांचं खूळ भरलं. बत्तीस शिराळा आमच्या शेजारी. नागपंचमीला तिथे जिवंत नाग पुजायचे, ती प्रथा कोर्टाच्या आदेशाने थांबली. त्यावर आमच्याकडे प्रत्येकाला मत आहे. पण साप चावलेल्या माणसाचं पुढे काय होतं, यावर कोणालाच मत नाही. मॅडम म्हणाल्या, देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात असा अंदाज आहे. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आणि त्या प्रतिविषासाठीचं विष बरंचसं तमिळनाडूतल्या सापांचं असतं. इथल्या घोणशीचं विष तिथल्यासारखंच असेल असं नाही, बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी असे फरक मोजले आहेत.

झालं. पोरगी वही घेऊन भावकीत फिरायला लागली. कोणाला कधी चावला, दिवसा की रात्री, पाणी पाजताना की पाचट ओढताना, आधी देवळात नेलं की सरकारी दवाखान्यात, मध्ये किती वेळ गेला. म्हाताऱ्यांना काय, विचारणारं कोणी मिळालं की ते बोलतच राहतात. एका चुलत आज्जीने सांगितलं की तिच्या दिराला भगताकडे नेलं, तिथून माघारी आणताना वाटेत गेला, आणि एवढ्या वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. वही निम्मी भरली. यातला एकही प्रश्न नीटला येत नाही. सरांना दाखवलं तर म्हणाले, मण्यार म्हणजे बंगारस, वर्ग सरीसृप, एवढं पुरे, चार मार्क.

मॅडमनी वर डॉ. हिंमतराव बावस्करांचा दाखला दिला. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे तरुण डॉक्टर १९७६ मध्ये गेले. कोकणात लाल विंचू चावून माणसं पटापट मरत होती. हाताशी प्रयोगशाळा नाही, तरी त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, गार पडलेले हातपाय टिपून ठेवले. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने ते मृत्यू जवळपास थांबले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं ठीक आहे, पण त्यांनाही एमबीबीएस आधी करावंच लागलं होतं ना? आम्ही तेवढंच म्हणतो : आधी ॲडमिशन, मग विंचू.

ॲडमिशननंतरचीही सोय आहेच, हे मला माहीत आहे. आयसीएमआर १९७९ पासून एमबीबीएसच्या पोरांना दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देते. अडचण एवढीच की त्या अर्जात संशोधनाचा प्रश्न आपला आपण लिहावा लागतो. आणि लागण-खोडवा-निडवा करत आलेल्या पोराने तोवर फक्त दुसऱ्याच्या प्रश्नांना चारांतला एक पर्याय निवडलेला असतो. याचे परिणाम आमच्या दृष्टीने समाधानकारक आहेत. २०१६ मध्ये एका शोधनिबंधात मोजदाद आली होती : देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था पाहिल्या, तर ३३२ मधून दहा वर्षांत एकही शोधनिबंध बाहेर पडलेला नव्हता. इतकी शिस्त काही आपोआप येत नाही. तिचा पाया आमच्यासारख्या गावांतल्या उन्हाळी बॅचमध्ये घातला जातो.

गावाने एकदा संशोधनासारखं काहीतरी केलंही आहे. २०२० च्या मार्चमध्ये सौदीहून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना कोरोना निघाला आणि बघता बघता एकाच गोतावळ्यातले पंचवीसच्या आसपास लोक बाधित झाले. मग कोण कोणाला भेटलं, कोण कोणाच्या घरी जेवलं, याची याद्यांवर याद्या झाल्या, आशाताई दारोदार फिरल्या, आणि ती साखळी तिथेच तुटली. साथरोगशास्त्राचा असा धडा पुस्तकात शोधून सापडत नाही. आमची नीटची पोरं तेव्हा कुठे होती म्हणता? घरात बसून ऑनलाइन टेस्ट देत होती. मानवी आरोग्य आणि रोग, प्रकरण तेच.

तरी आपणास नम्र विनंती की आपली माहितीपत्रकं या तालुक्यातल्या कॉलेजांत पाठवू नयेत. पाठवलीच तर नेहमीप्रमाणे शेवटच्या तारखेनंतर पोहोचतील अशी पाठवावीत. इंग्रजी आहेत ती इंग्रजीच ठेवावीत. आणि फलकावर लावायची वेळ आलीच, तर क्लासच्या जाहिरातीखाली लावावीत, म्हणजे कोणाला दिसणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पालक

ता. क. : थोरलीच्या वहीत एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जात नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं बहुतेकदा कळतच नाही. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. इतकं जहाल विष, मग ते दुखत का नाही? सरांना विचारलं, ते सिलॅबसबाहेरचं म्हणाले. उत्तर ठाऊक असल्यास माझ्या नावाने पाठवावं. थोरलीच्या नको.