लावे सोडा, माळ मोडा

शिरूर-दौंडच्या माळावरचे लावे-तित्तर कमी झाले, अशी पक्षीमित्रांची ओरड आहे. नुसत्या ओरडण्याने पाखरं वाढत नाहीत, योजना लागते. आमच्याकडे ती तयार आहे. जपानी लाव्याचं पिल्लू १७-१८ दिवसांत अंड्यातून बाहेर येतं आणि पाच-सहा आठवड्यांत विक्रीला तयार होतं. शेडमधून लॉट उचलायचा, मांडव घालायचा, पाहुण्यांच्या हस्ते जाळीचं दार उघडायचं. टाळ्या. फोटो.

पुढचा भाग फोटोत येत नाही. दार उघडलं तरी पाखरू बाहेर पडत नाही, कारण खाद्याचं भांडं आत आहे. ढकललं की उघड्यावर बसून राहतं. डोक्यावर शिक्रा आला की रानातला लावा गवतात असा दबून बसतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. मग फुर्रकन उडतो. हा धडा तो आईमागे हिंडताना गिरवतो. आमच्या लाव्याची आई म्हणजे इनक्युबेटर. ती लोडशेडिंगला घाबरते, शिक्र्याला नाही. मग दिवसा मुंगूस, रात्री खोकड, उरलेसुरले वस्तीवरच्या कुत्र्यांना.

इंग्लंडात दरवर्षी पाळीव फेझंट कोट्यवधींनी सोडतात. बहुतेक वर्षभरही टिकत नाहीत. पण शिकारीसाठी सोडतो, हे ते लोक उघड सांगतात. आपण त्याला संवर्धन म्हणू.

जगलेच चार-दोन, तर राहतील कुठे? सरकारदरबारी माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की कामाला लावलंच पाहिजे: कुठे ऊस, कुठे प्लॉटिंग, कुठे वृक्षारोपणाचे खड्डे. लावा गवताच्या बुडाशी अंडी घालतो, हे खड्डे खणणाऱ्यांना कुणी कळवलेलं नाही. कायदा मात्र कडक आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तित्तर फाशात धरला तर गुन्हा. त्याच तित्तराच्या घरट्यावरून ट्रॅक्टर फिरवला तर विकास.

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत मोर काही टेम्पोतून आणून सोडलेले नाहीत. गावाने झाडं राखली, मोराला हात लावला नाही, म्हणून मोर राहिले. माळाचंही तसंच करता येईल. पण त्यात मोठी अडचण आहे. सोडलेले लावे दरवर्षी मरणार, म्हणून दरवर्षी नवे घ्यावे लागणार, म्हणजे दरवर्षी टेंडर. गवत राखलं तर पाखरं फुकट येतात. फुकटाचं बिल कोणत्या हेडखाली काढायचं?