जावईबापूंचा राउटर

स्टुटगार्ट

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

रविवारच्या कॉलवर मी मध्येच तोंड उघडं ठेवून थिजते आणि आई विचारते, ‘बोलतेयस की जांभई देतेयस?’ हे तुमच्या जावईबापूंनी फारच मनाला लावून घेतलं.

त्यांचं निदान असं, की दुखणं वेगाचं नाही, रांगेचं आहे. चिरंजीवांचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की माझं बोलणं त्यांच्यामागे अडकतं. एस.टी.च्या खिडकीवर पुढचा इसम अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढत असला, तर मागच्याने ‘मला एकच हवंय हो’ म्हणून काय उपयोग?

इलाज ठरला, राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर पुसून ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर चढवायचं. जर्मनीत राउटर कुठला वापरायचा हे १ ऑगस्ट २०१६पासून कायद्यानेच गिऱ्हाइकाच्या हाती आहे, त्यामुळे अडवणार कोण? मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा गप्प होतो म्हणे. फ्यूज उडेल म्हणून मला मिक्सर लावायची बंदी. चटणी राहिली.

दिवा लुकलुकायचा थांबला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि वाय-फाय गायब! ओपनडब्ल्यूआरटीत ते सुरुवातीला बंदच असतं. केबल जोडून, १९२.१६८.१.१ वर जाऊन आपण चालू करायचं. आमच्या चपट्या लॅपटॉपला केबलचं भोकच नाही. ॲडाप्टर आणावा, तर रविवार, दुकानं बंद. ‘जुना राउटर लावा की,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘जुनाच तर हा!’ चिरंजीव त्या दिवशी चक्क आमच्याशी पत्ते खेळले.

सोमवारी ॲडाप्टर आला. मग रांगेला शिस्त लावणारं एसक्यूएम बसवलं. मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास मर्यादा घातली की रांग आपल्या राउटरच्या ताब्यात राहते, आणि तो सगळ्यांना आळीपाळीने पुढे सोडतो. वेग घटला, बोलणं सुधारलं!

आता कुणी जेवायला आलं की भाजी वाढायच्या आत कथा सुरू. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स निघालं, परवान्यापायी कंपनीला २००३ साली सोर्स कोड खुला करावा लागला, त्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं. पाहुणे निमूट ऐकतात, कारण पाहुण्यांच्या वाय-फायचा पासवर्ड कथा संपल्यावर मिळतो.

डिसेंबरात आम्ही येतोय. ‘तुमचं नेट कसं चाललंय?’ असं जावयांनी विचारलं, तर बाबा, ‘झकास’ एवढंच म्हणा. आणि राउटर कपाटात, साड्यांच्या मागे ठेवा.

तुमची लाडकी लेक