फळीरक्षक

मेलबर्नच्या मराठी मंडळींत हा गृहस्थ हमखास सापडतो. घर जुनं घेतलेलं. कार्पेट उचकटलं तर खाली टास्मानियन ओकच्या फळ्या निघालेल्या. (नावाला ओक, जातीनं निलगिरी, हे तो तुम्हाला सांगतोच.) त्या मशीननं घासून वर पॉलियुरेथेनचे तीन हात दिले, आणि त्या दिवसापासून हा माणूस कुणाच्या तोंडाकडे बघून बोलेनासा झाला. "या, या" म्हणताना नजर तुमच्या पायमोज्यांवर. मोज्याला भोक असलं तर चालतं, खडा अडकलेला चालत नाही.

पंचाईत अशी, की त्याचं सगळं बरोबर असतं. पॉलिश दुसऱ्या दिवशी हाताला वाळलेलं लागतं, पण पुरतं कडक व्हायला त्याच्या प्रकाराप्रमाणे आठवडा ते महिना जातो. तोवर गालिचा अंथरू नका, सामान ओढू नका, उचलून ठेवा, एवढंच कारागीर सांगून गेला. यानं त्याचं व्रत केलं. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे गोल तुकडे चिकटवले आणि उरलेला एक सासूबाईंच्या काठीला लावला. काठी घसरू लागली. सासूबाई काठीशिवाय चालू लागल्या. डॉक्टरांना जे दोन वर्षं जमलं नव्हतं, ते फेल्टनं केलं.

सासूबाईंचं खरं दुःख मात्र पुसण्याचं. बादलीभर पाणी आणि फिनेलचा वास असल्याशिवाय घर पुसलं असं त्यांना वाटतच नाही. इथे पाणी फटीत शिरलं की फळ्या फुगतात, वाफेचा मॉप वर्ज्य, व्हिनेगरनं चकाकी जाते. मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून फिरवायचं. "हे काय पुसणं झालं? ही तर गोंजारणी!" असं त्या म्हणतात, पण जावई बाहेर गेल्यावर.

गणपतीत त्याची परीक्षा असते. दारातली रांगोळी अंगणातच अडवली जाते. "काकू, रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. पायाखाली आली की पॉलिशपेपरच!" काकू बिचाऱ्या स्टीलच्या ताटात चार ठिपके काढतात. हळदीकुंकू स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर. नारळ गॅरेजमध्ये.

आरतीत सगळे डोळे मिटतात, याचे उघडे. शेवटी मंडळी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली, की टाळ्या वाजवता वाजवता हा प्रत्येकाच्या टाचा तपासतो. त्यातून परवा भारतातून आलेले एक भाविक काका हात जोडून पुढे झाले आणि साष्टांग नमस्कारासाठी गुडघ्यांवर टेकले.

"काका, थांबा!" हा ओरडला. आरती थबकली. "बक्कल! पट्ट्याचं बक्कल!"

काकांनी निमूटपणे पट्टा काढून याच्या हातात दिला, एका हातानं विजार धरली आणि उरलेल्या सात अंगांनी नमस्कार घातला.