दुसरी गाडी साधीच हवी

ताम्हिणी घाटात रविवारी पहाटे साडेपाच ते नऊ या वेळात तंत्रज्ञानाला मज्जाव आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने तसा फलक लावलेला नाही, पण मुळशीच्या बाजूने घाटाकडे निघालेल्या गाड्यांची रांग पाहिली, तर पुण्यात मनापासून पाळला जाणारा हा एकमेव वाहतूक नियम असावा. पुढे एस्टीम, मागे जुनी पॅलिओ, दोन-तीन पोलो, मधेच एखादी जिप्सी. एसी बंद, गाणी बंद, काचा खाली. गाणी का बंद? तर इंजिन ऐकायचंय. टपरीपाशी गाड्या तिरप्या लावल्या जातात, बॉनेट उघडली जातात आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कुणीतरी उसासा टाकतोच: हल्लीच्या गाड्यांत जान राहिली नाही बुवा.

मग आरोपपत्राचं वाचन होतं. स्टिअरिंग इलेक्ट्रिक झालं. हँडब्रेकच्या जागी बटण आलं. क्लच तर गेलाच. गाडी आपली आपण ब्रेक मारते, लेन सोडली की हाताला हिसका देते. म्हणजे काय, आपण काय शेंबडी पोरं आहोत? 'स्टिअरिंगमधून रस्ता बोलला पाहिजे,' असं त्यांच्यातले एक ज्येष्ठ दर रविवारी बजावतात. आपल्याकडचे रस्ते स्टिअरिंगमधून जे बोलतात ते चारचौघांत ऐकण्यासारखं नसतं, हा भाग वेगळा.

नऊच्या सुमाराला मात्र मंडळींची चुळबुळ सुरू होते. भूगाव आणि चांदणी चौक तुंबायच्या आत ही जान असलेली गाडी घरी जाऊन कव्हरखाली गेली पाहिजे. हाफ क्लचवर मुंगीच्या पावलांनी सरकायची वेळ आली की शुद्ध ड्रायव्हिंगचा आनंद थेट डाव्या गुडघ्यात उतरतो. दुपारी हेच गृहस्थ सासुरवाडीला निघतात ते दुसऱ्या गाडीतून. ती ऑटोमॅटिक असते. तिला सहा एअरबॅग असतात, बसल्या जागी गार वारा सोडणाऱ्या सीट असतात, आणि डोक्यावर अर्ध्या छपराएवढी काच असते, जिचा उपयोग मे महिन्यात तीवर पडदा ओढण्यासाठी होतो. 'घरच्यांच्या आग्रहाखातर घेतली हो,' असं ते आवाज खाली आणून सांगतात. अट्टल शाकाहारी माणूस लग्नाच्या पंगतीत बिर्याणीच्या रांगेत सापडावा, तसा तो आवाज असतो.

साध्या गाडीशी माझं काही भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की, साध्या गाडीचा शौक करायला आधी दारात एक बिनसाधी गाडी लागते.

आणि साधी म्हणजे किती साधी? १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हाती दिली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन, ओढ पुढच्या चाकांना, गियर खाली मधोमध, क्लच लोण्यासारखा. त्या वेळच्या फिएटवाल्यांनी आणि अँबॅसिडरवाल्यांनी तिला काड्यापेटी ठरवलं. गाडी म्हणजे कशी लोखंडी पाहिजे, हिचा पत्रा अंगठ्याने दाबला तर आत जातो! स्टिअरिंगवरचा गियर टाकण्यातली मजा या खेळण्यात कुठली? पुढे २००० च्या सुमाराला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा गॅरेजवाल्यांनी सुतकच पाळलं. आता स्क्रू पिळून गाडी ट्यून करायची सोय राहिली नाही, सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हातात. आज तीच इंजेक्शनवाली एस्टीम टपरीपुढे 'शेवटची खरी गाडी' म्हणून मिरवते आहे. कुणालाही विचारा, मोटारींची अधोगती त्याला लायसन्स मिळाल्यानंतर चार-पाच वर्षांतच सुरू झालेली असते.

जुना पत्रा जाड होता, हे या पंथातलं मुख्य वचन. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ते सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये ते धडकवूनच पाहिलं. एका बाजूने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर, दुसऱ्या बाजूने २००९ ची शेव्हरोले मालिबू. जाड पत्र्याच्या बेल एअरमध्ये ड्रायव्हरच्या जागचा पुतळा असा चेंगरला की जिवंत माणूस वाचलाच नसता. मालिबूतल्याचं पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं. आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चं उत्पादन थांबलं, आणि त्याच महिन्यात ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची बेस मॉडेल ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवल्याचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेचे तारे शून्य. त्यांत टपरीवरची लाडकी पोलोही होती. दोन एअरबॅग घालून तीच पोलो पुन्हा धडकवली तर चार तारे पडले. हे टपरीवर सांगून पाहावं. क्षणभर शांतता पसरते आणि मग उत्तर येतं, 'पण हँडलिंग बघा ना!'

तेव्हा एअरबॅग, एबीएस यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती गरीब बिचारी आपल्या जागी गप्प बसून असतात आणि वेळेला धावून येतात. तक्रार आहे ती बोलघेवड्या तंत्रज्ञानाबद्दल.

एका स्नेह्यांच्या नव्याकोऱ्या टॉप मॉडेलमधून जुलैत साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला पावसाने गाठलं आणि काचेवर आतून वाफ धरली. जुन्या गाडीत याला एक खटका असायचा, न बघता हात जायचा. यांच्या डॅशबोर्डवर खटका औषधालाही नाही, नुसता पसरलेला पडदा. त्यांनी वातानुकूलनाच्या चित्रावर बोट नेलं. तेवढ्यात खड्डा आला, बोट घसरलं आणि माझ्या पाठीखालून गार वारा सुरू झाला. परत दाबलं तर आतले दिवे जांभळे झाले. मग त्यांनी गाडीला हाक मारली. गाडीला मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीतून. गाडीने अत्यंत नम्रपणे जवळपासच्या कॉफीच्या दुकानांची यादी वाचायला घेतली. पुढच्या ट्रकचे लाल दिवे काचेवर कुंकू फिसकटावं तसे पसरले होते. अखेर मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, 'अहो, पुरे झाला तो खेळ. हे घ्या.' त्यांच्या हातात पिवळं फडकं होतं. उरलेला घाट मी डाव्या बाजूने काच पुसत चढवला. चोवीस लाखांच्या गाडीत त्या दिवशी कामाला आलेली वस्तू सिग्नलवर विकत मिळते.

हा अनुभव फक्त खंबाटकीचा नाही. 'वी बिलेगारे' नावाच्या स्वीडिश मोटार मासिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली. ताशी ११० च्या वेगात सीट गरम करणं, रेडिओ लावणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं अशी साधी कामं ड्रायव्हरला दिली. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली. सगळ्यात हळू निघालेल्या पडदेवाल्या एमजी मार्व्हल आरला त्यासाठीच ४४.९ सेकंद लागले, म्हणजे तेवढ्यात गाडी जवळपास १.४ किलोमीटर पुढे गेलेली. युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि मदतीची हाक यांना हाताला लागणारा खटका नसेल तर गुण कापायचं ठरवलं. फोक्सवॅगनच्या डिझाइनप्रमुखांनी २०२५ मध्ये चूक कबूल करून महत्त्वाची बटणं परत आणतो असं सांगितलं. आता बटण परत येईल ते टॉप मॉडेलमध्येच येईल, आणि सेल्समन सांगेल, 'सर, हे फीचर या सेगमेंटमध्ये फक्त आमच्याकडे आहे.'

आणि गाडी शिस्त लावणार ती कुणाला? जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० ओलांडले की थांबून थांबून टुंग, १२० ओलांडले की अखंड. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना १०० ची मुभा आहे. म्हणजे कायदा पाळून ९५ ने जाणाऱ्या माणसालाही त्याची गाडी खालापूरपर्यंत गुन्हेगार म्हणून टोकत राहते. सीट बेल्टचा इशारा वाजू नये म्हणून खाचेत घालायची नुसती पितळी जीभ बाजारात आली. ती घालून लोक बेल्टवर बसू लागले. शेवटी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन दुकानांमधून या क्लिपा काढायचे आदेश द्यावे लागले. कॅमेरे आणि रडारवाली मदतनीस यंत्रणा आली तेव्हा स्टिअरिंगला हात लावायचाही कंटाळा करणाऱ्यांनी पाण्याची बाटली बांधून तिला हात म्हणून पटवलं. आपला माणूस यंत्राला बनवण्याच्या बाबतीत कुठल्याही सॉफ्टवेअरच्या दोन अपडेट पुढे असतो.

त्या यंत्रणेची मला खरं तर कीव येते. तिला शिकवलंय की पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून चालावं, आणि आणून सोडलंय हडपसरला. तिला शिकवलंय की पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखावं. ती राखते. त्या अंतरात रिक्षा शिरते. ती सुसंस्कृत असल्यामुळे आणखी मागे सरते, तिथे टेम्पो शिरतो. असं करत करत ती एक दिवस मालकाला ऑफिसऐवजी पुन्हा घरी आणून सोडेल.

या सगळ्यावर टपरीवाल्यांचं म्हणणं एकच: बघा, म्हणून साधी गाडी! साध्या गाडीबद्दल खरं काय ते ज्यांनी तिच्यावर पोट भरलं त्यांना विचारावं. मुंबईची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवला २००३ च्या ऑक्टोबरमधली, त्यामुळे हिशेब सरळ होता. शहराने काय हळहळ केली! आठवणी निघाल्या, फोटो निघाले, आणि हळहळ आवरल्यावर सगळे मोबाइलवर एसी कॅब बोलावून घरी गेले. लालबागच्या एका निवृत्त टॅक्सीवाल्यांना मी विचारलं, 'काका, पद्मिनीची आठवण येते का हो?'

'येते ना. पाऊस पडायला लागला की खांदा दुखतो,' ते म्हणाले. स्टिअरिंगला पॉवर नाही, गियर स्टिअरिंगवर, इंजिनाची धग पायावर. मे महिन्यात भायखळ्याच्या पुलावर गाडी गरम झाली की बॉनेट उघडून, फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण सोडायचं, तोंड बाजूला धरून. पावसात वायपर धड चालला नाही तर तंबाखू काचेवर चोळायचा. 'मग नंतर सीएनजीची नवी गाडी घेतली. पॉवर स्टिअरिंगची. पहिल्या दिवशी वाटलं, आपण इतकी वर्षं कुणाशी कुस्ती खेळत होतो?' मी त्यांना सांगितलं की पुण्यात लोक हौसेने तसल्या गाड्या चालवतात, पेट्रोल जाळून घाटात नेतात. काका बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. 'भाडं कोण देतं?' त्यांनी विचारलं.

तर साधेपणाचा भाव सध्या हा असा आहे. मॅक्लारेन एफ-वनचे जनक गॉर्डन मरे यांनी टी-५० नावाची गाडी काढली. वजन ९८६ किलो, हाताने टाकायचे सहा गियर, मधोमध बसून चालवायची, मोठा टचस्क्रीन नाही, फालतू लाड नाहीत. मोजून १०० गाड्या, आणि किंमत २३ लाख ६० हजार पौंड, कर वेगळा. म्हणजे आपल्याकडे पंचवीस कोटींच्या घरात जाते. जे जे काढून टाकलं त्याचे पैसे वेगळे लावलेत असं दिसतं. आमच्या बेस मॉडेलमध्येही यातलं काहीच नसायचं, पण ते नसण्याचे पैसे घ्यावेत हे त्या काळी कुणाला सुचलं नाही.

विजेच्या गाड्यांनी तर दोन्ही पक्षांची कायमची सोय लावून दिली. विजेच्या मोटारीला गियर बदलायची गरज नसते, क्लच नसतो, आवाज नसतो. खरं म्हणजे यंत्र म्हणून इतकी साधी गाडी दुसरी नाही. पण हौशी मंडळी तिला मिक्सर म्हणतात. म्हणून ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक-५ एन आणली. तिच्यात नसलेले गियर बदलता येतात. बदलताना सॉफ्टवेअर खरोखरीचा झटका देतं आणि नसलेल्या इंजिनाची डरकाळी स्पीकरमधून ऐकवतं. टोयोटाने विजेच्या गाडीत गियरचा दांडा आणि क्लचचा पायही बसवून पाहिला, त्यांच्या पोटात काही नसताना. कॉम्प्युटर नको म्हणणाऱ्याला कॉम्प्युटर नसल्याचा भास कॉम्प्युटरनेच करून द्यायचा, याला म्हणतात ग्राहकसेवा.

बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गाडीत आधीच बसवलेली सीट गरम करायलाही महिन्याची वर्गणी लावून पाहिली होती. लोक चिडले आणि पुढच्या वर्षी ती मागे घ्यावी लागली. चुकलं एवढंच की वर्गणी सुखसोयींना लावली. कंपन्यांनी ती त्रासाला लावावी, हौशी लोक रांगा लावून भरतील. महिना तीनशे रुपयांत चोक. पाचशेत हाफ क्लचचा वास. खंबाटकीच्या चढाला गाडी गरम होऊन बंद पडणं हजारात, त्यात रेडिएटरची शिट्टी मोफत. धक्का मारायला माणसं मात्र ज्याची त्याने आणायची.