पायदक्ष काका

प्रत्येक सोसायटीत एक पायदक्ष काका असतात. वय साठीच्या पुढे, बँकेतून नाहीतर मंत्रालयातून निवृत्त, आणि फ्लॅट नेमका जिन्याला लागून. त्यामुळे येणारा-जाणारा एकही पाय त्यांच्या नजरेतून सुटत नाही. इतरांना माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो, काकांना चपलेवरून. "काल तुमच्याकडे कोण आलं होतं हो? उजव्या सँडलची टाच आतून झिजलेली होती," असं ते लिफ्टमध्ये विचारतात. ते आपले सासरे होते, हे सांगितलं तरी काकांचं मत बदलत नाही.

काकांच्या दारात तीन पायपुसणी आहेत. पहिलं काथ्याचं, त्यावर तळवे खसाखसा घासायचे. दुसरं उंबऱ्याला टेकलेलं रबराचं, त्यावर फक्त आपटायचे. तिसरं आतलं, काकूंच्या जुन्या साडीचं. त्यावर पाय टिपायचे. घासले, की काका "अं हं!" करतात. चपला रॅकमध्येच ठेवायच्या, टाचा भिंतीकडे करून. कुरिअरवाल्या पोराला सही दाराबाहेरच मिळते. गॅसवाल्याला आत घेणं भागच असतं, म्हणून त्याच्यासाठी कालचा पेपर अंथरतात आणि तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन अग्रलेख तुडवत स्वयंपाकघरात जातो.

"लोकलनं आलात ना? मग आधी पाय."

"अहो, त्यांना बसू तरी द्या!" काकू आतून म्हणतात.

"बसतील की. धुऊन बसतील."

मोरीत पायांचा वेगळा साबण असतो, वेगळा तांब्या असतो आणि काकांच्या आजीची पितळी वज्री असते. तिच्या मुठीवर पोपट आहे आणि त्याची चोच झिजून गेली आहे. टाचा आधी कोमट पाण्यात भिजवायच्या, मगच वज्री हलक्या हातानं फिरवायची. कोरड्या टाचेवर वज्री चालवणाऱ्याला काका माणसात धरत नाहीत. भेगांवर त्यांच्याकडे कोकम तेलाचा गोळा असतो. तो वितळवून लावायचा, आणि मग तास-दीड तास फरशीवर पाऊल टाकायचं नाही. भेगा बुजाव्यात म्हणून नव्हे, फरशीवर डाग पडू नयेत म्हणून.

बूट काढायला लावण्यात मोठी लोकशाही आहे. याच दारात एकदा आमच्या सेक्रेटरींचा अंगठा मोज्यातून बाहेर आलेला साऱ्या कमिटीनं पाहिला. तेव्हापासून मेंटेनन्स वाढवायचा ठराव मांडताना त्यांच्या आवाजाला पूर्वीची धार राहिलेली नाही.

पाय धुतले, की चहा येतो आणि चहाबरोबर व्याख्यान. "दोन्ही पायांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घामाच्या ग्रंथी असतात. पण घामाला मुळात वास नसतो बरं का! वास येतो तो घाम खाणाऱ्या जंतूंमुळे. युरोपात लिंबर्गर नावाचं एक चीज असतं, त्याला वास देणारे जंतू आणि आपल्या पायाचे जंतू भाऊबंदच. मलेरियाच्या एका जातीच्या डासाची मादी त्या चीजकडे आणि माणसाच्या पायांकडे सारख्याच ओढीनं जाते, हे दाखवणाऱ्या दोन संशोधकांना 2006 साली इग नोबेल मिळालं. घ्या ना, सँडविच घ्या." सँडविच अर्थातच चीजचं असतं. पाहुणा बिस्किटावर भागवतो.

काकांची थट्टा पुष्कळ होते, पण त्यांच्या धाकामागे 26 जुलै 2005 आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि काका कमरेइतक्या पाण्यातून ऑफिसातून घरी चालत आले. पुढे मुंबईत लेप्टोची साथ पसरली. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटल्या जागेतून अंगात शिरतात, हे तेव्हा शहराला नीट कळलं. पाण्यातून आल्यावर साबणानं पाय धुवा, जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा, हा काकांचा आग्रह शंभर टक्के बरोबर आहे. तो ते ज्या आवाजात सांगतात, तेवढाच चुकीचा आहे.

तर अशा या काकांना यंदाच्या पावसाळ्यात चिखल्या झाल्या.

बातमी काकूंनीच फोडली. शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोललेली, आणि खाज अशी, की काका टीव्हीसमोर बसून एका पायानं दुसरा पाय खाजवत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाय किती वेळा धुता?"

"दिवसातून पाच वेळा!" काका ताठ झाले.

"आणि पुसता कशानं?"

काका गप्प. पुसायचे कशाला? पायपुसणी तीन आहेत की! त्यातलं तिसरं दिवाळीनंतर धुतलेलंच नव्हतं आणि जूनपासून ते वाळलंही नव्हतं. त्यावर तळवे टिपायचे आणि ओल्या बेचक्यांसकट नायलॉनचे मोजे चढवून बूट घालायचे, हा काकांचा नेम. बूट बाहेरून चेरी ब्लॉसमनं असे चमकवलेले, की त्यात भांग पाडावा. आतून मात्र त्यांना कित्येक वर्षांत वारा लागलेला नव्हता. बुरशीला आणखी काय हवं? ऊब, ओल आणि अंधार.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस लावायचं, असं बजावलं. बेचक्या स्वतंत्र टॉवेलनं कोरड्या करायच्या, मोजे सुती आणि रोज धुतलेले घालायचे, बुटाचे दोन जोड आलटून पालटून वापरायचे, भिजले तर आत कागदाचे बोळे कोंबून वाळवायचे. शिवाय काकांना मधुमेह आहे, तेव्हा रात्री तळवे उजेडात बघायचे. मधुमेहात पाय बधिर झाले, की जखम झालेलीही कळत नाही.

आता काकांकडे चौथी वस्तू आली आहे. दाराशी खुंटीवर एक छोटा टॉवेल असतो आणि पाहुण्याला फर्मान सुटतं, "बोटांच्या मध्ये! मध्ये पुसा!" तो टॉवेल सगळ्यांना एकच आहे, ही गोष्ट अजून कोणी काकांच्या कानावर घातलेली नाही. यानं बुरशी पायांपायांत छान वाटली जाईल, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं.

काका आपल्यातलेच आहेत. आपण पाय धुतो ते फरशी खराब होऊ नये म्हणून, बूट पुसतो ते साहेबांनी बघावे म्हणून. पायांसाठी पाय कोणी बघत नाही. आज रात्री जरा बेचक्या बघा, कोरड्या करा आणि उद्या दारातलं पायपुसणं धुवायला टाका. चिखल्या फरशीला होत नाहीत, पायालाच होतात.